मेक्सिकन सिनेमा कसा पाहावा: एका लाइटमनची पद्धत

गोरेगावच्या चित्रनगरीत मी मराठी मालिकांच्या सेटवर लाइट लावतो. राहायला परळला, जुन्या चाळीत. रविवारी रात्री जेवणं आटोपली की आमच्याकडे पाच-सहा जण जमतात आणि टीव्हीवर एक सिनेमा लागतो. मेक्सिकन सिनेमा त्यात मी हट्टानं आणला आणि आता तो ठाण मांडून बसलाय. सेटवरची मुलं विचारतात, "दादा, मेक्सिकन बघायचं तर सुरुवात कुठून करू?" बहुतेकांनी 'रोमा'चं नाव ऐकलेलं असतं, कुणी तो अर्धा पाहून सोडलेला असतो. त्यांना मी जे सांगतो तेच इथे नीट लिहून काढतोय.

पहिलं सांगणं हे, की 'पाहायलाच हवेत असे पन्नास' छापाची यादी हातात घेऊ नका. एका माणसाचा माग काढा. त्याचं नाव गाब्रिएल फिगेरोआ (१९०७–१९९७). कॅमेरामन. दोनशेच्या वर चित्रपट त्यानं टिपले. मेक्सिको म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं, म्हणजे घायपाताची रांग, वर ढगांनी भरलेलं आभाळ, रुंद टोपीतला घोडेस्वार, डोक्यावरून शाल घेतलेली बाई, ते चित्र पडद्यावर पक्कं करण्यात ह्या माणसाचा मोठा हात आहे. आणि पुढे ज्या चित्रपटांनी ते चित्र फाडलं, त्यांतल्या सगळ्यात जबरदस्त चित्रपटाच्या कॅमेऱ्यामागेही तोच होता. एका देशानं स्वतःची ओळख कशी रंगवली आणि मग ती कशी नाकारली, हे एकाच माणसाच्या नजरेतून पाहायला मिळतं. म्हणून मी त्याच्यापासून सुरुवात करायला लावतो.

बसण्याआधी

थोडा इतिहास वाचून घ्या. फार नको. पोर्फिरिओ दियास या हुकूमशहाची तीन दशकांहून मोठी राजवट, १९१० साली तिच्याविरुद्ध उठाव, आणि पुढची दहाएक वर्षं रक्तपात. त्यातून जे सरकार उभं राहिलं त्याच्यासमोर एक मोठं काम होतं. डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांना 'आपण सगळे मेक्सिकन' असं वाटायला लावायचं कसं? १९२० च्या दशकात त्यांनी दिएगो रिवेरा, ओरोस्को, सिकेरोस अशा चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती रंगवायला दिल्या. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही भिंत वाचता येते. बोलपट आल्यावर तेच काम पडद्यानं उचललं, आणि भिंत जिथे पोचत नव्हती तिथे पडदा पोचला. १९२९ पासून २००० पर्यंत त्या देशात एकाच पक्षाची सत्ता होती, तेव्हा पडद्यावर काय दिसावं याची काळजी सरकारनं कायम घेतली. एवढं माहीत असलं की पुरे.

आता टीव्ही. हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून जरा जोर देऊन सांगतो. रिमोट घ्या, पिक्चर मोडमध्ये जा, 'व्हिव्हिड' असेल तर काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय असते ती बंद करा. शार्पनेस खाली आणा. खोलीतली ट्यूबलाइट बंद, टीव्हीच्या मागे भिंतीवर एखादा छोटा पिवळा दिवा चालेल. कृष्णधवल चित्रात काळ्याच्याही पायऱ्या असतात. टीव्हीनं त्या सगळ्या एकाच डांबरात बुडवल्या तर फिगेरोआ पाहून काही उपयोग नाही. रंगवलेली आवृत्ती मिळाली तर घेऊ नका. डब केलेलीही नको. स्पॅनिश कानावर पडू द्या आणि खाली सबटायटल्स ठेवा. जीर्णोद्धार केलेली प्रत शोधायला दोन दिवस जास्त गेले तरी चालतील. 'लोस ओल्विदादोस' आणि 'एनामोरादा' या दोन्हींच्या अशा चांगल्या प्रती आहेत.

आणि चार माणसं घरात बसून पाहणं वेगळं, सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावणं वेगळं. तिकीट नाही म्हणून परवानगी नको असं समजू नका. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना आधी लिहा. त्यापेक्षा फिल्म सोसायटीचं सभासदत्व घ्या. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करत आलंय.

पहिला रविवार: घोडा, गाणं आणि मालक

'आया एन एल रांचो ग्रांदे' (१९३६) लावा. दिग्दर्शक फर्नांदो दे फुएन्तेस, कॅमेरा फिगेरोआ. गोष्ट साधी आहे. हसिएन्दा, म्हणजे मोठ्या जमीनदाराची वाडी. तिचा तरुण मालक आणि त्याचा मुकादम हे बालमित्र, दोघांच्या मध्ये एक गरीब मुलगी, भरपूर गाणी, कोंबड्यांची झुंज, शेवटी सगळं गोड. ह्या चित्रपटानं देशाबाहेरही धंदा केला आणि मेक्सिकन सिनेमाला बाजार मिळवून दिला. गाणाऱ्या घोडेस्वाराच्या चित्रपटांची लाटच त्यानंतर आली. घोड्यावरचा, कशिद्याच्या जाकिटातला, गाणारा 'चारो' हा एका भागातला पुरुष सगळ्या देशाचा चेहरा बनला.

पाहताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. हा चित्रपट आला तेव्हा लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष होते आणि हसिएन्दा मोडून जमिनी शेतकऱ्यांना वाटण्याचं काम जोरात चाललं होतं. बाहेर जमीनदारी तुटत होती आणि पडद्यावर मालक प्रेमळ, कुळं समाधानी. पटकथेत क्रांतीचा मागमूस नाही. लोकांना हे का आवडलं असेल यावर आमच्याकडे रात्री साडेबारापर्यंत वाद चालला होता.

त्याच्या पाठोपाठ, जमलं तर त्याच रात्री, त्याच दिग्दर्शकाचा त्याच वर्षी आलेला 'वामोनोस कोन पांचो विया' पाहा. सहा मित्र क्रांतीतला सेनानी पांचो विया याच्या फौजेत भरती होतात आणि एकेक करून मरतात, त्यातले काही अगदी फुकट मरतात. दारूच्या गुत्त्यातला प्रसंग नीट बघा. एका टेबलाभोवती तेरा जण बसलेत. तेरा हा अशुभ आकडा. मग घाबरट कोण हे ठरवायला दिवा मालवून भरलेलं पिस्तूल हवेत फेकतात, ज्याला लागेल तो लागेल. मर्दपणाच्या ज्या कल्पनेवर पहिला चित्रपट गाणी गातो, ती इथे टेबलावर मरून पडते. हा चित्रपट तेव्हा चालला नाही आणि त्याचा मूळचा क्रूर शेवटही कापला गेला. लोकांनी आपल्या ओळखीसाठी ह्या दोघांतला कुठला निवडला, हे तिकीटबारीनंच दाखवून दिलं.

दुसरा रविवार: सुंदर दिसायचा हक्क

'मारिया कान्देलारिया' (१९४३). दिग्दर्शक एमिलिओ फर्नांदेस, ज्याला सगळे 'एल इंदिओ' म्हणत. हा चित्रपट १९४६ च्या कान महोत्सवात गेला आणि त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्या वर्षी ते अनेक चित्रपटांना विभागून दिलं होतं, त्यांतला एक आपल्या मुंबईतून गेलेला, चेतन आनंदचा 'नीचा नगर'. दोन गरीब देशांचे चित्रपट एकाच मानाच्या पायरीवर एकत्र उभे होते, हे मला फार मोठं वाटतं.

हा चित्रपट जमून येण्यामागे युद्धाचाही भाग आहे. मेक्सिको १९४२ साली दोस्त राष्ट्रांच्या बाजूनं उतरला, म्हणून अमेरिकेनं त्याला कच्ची फिल्म पुरवली. अर्जेंटिना तटस्थ राहिला, त्याचा पुरवठा आटला. स्पॅनिश बोलणाऱ्या प्रेक्षकांचा सगळा बाजार मेक्सिकोच्या हाती आला. ज्याला तिथे सुवर्णकाळ म्हणतात तो ह्या रिळांवर उभा आहे.

आता प्रत्यक्ष चित्रपट. पहिली दहा मिनिटं सबटायटल्स न वाचता बघा. मेक्सिको सिटीलगतच्या सोचिमिल्कोचे कालवे, फुलांनी भरलेली होडी, काठावरची उंच सरळ झाडं. आभाळाकडे बघा. कृष्णधवल फिल्मवर लाल फिल्टर लावला की निळं आभाळ जवळजवळ काळं पडतं आणि ढग पांढरेशुभ्र होऊन पुढे येतात. फिगेरोआ हे करायचाच. त्यावर तो कॅमेरा खाली ठेवायचा, म्हणजे माणूस जमिनीतून उगवून आभाळाला भिडल्यासारखा दिसतो. भिंतीवरच्या त्या चित्रकारांशी त्याची ऊठबस होती, आणि ते दिसतं. फुलं विकणारी एक अडाणी आदिवासी मुलगी ह्या चौकटीत पुतळ्यासारखी भव्य होते.

मग मारियाच्या चेहऱ्यावरचा लाइट बघा. ही दोलोरेस देल रिओ, हॉलिवूडमध्ये तारका म्हणून वर्षानुवर्षं काम करून घरी परतलेली. तिच्या गालाच्या हाडावर प्रकाश किती जपून ठेवलाय, डोळ्यांत ठिणगी आहे, कपाळावरच्या शालीची कडा वेगळी उठून दिसते. आणि तिला दगड मारायला धावणारे गावकरी बघा. त्यांच्या वाट्याला हातातल्या मशाली आणि अंधार. मी रोज चेहरे उजळतो, म्हणून सांगतो, कुणाच्या चेहऱ्यावर किती लाइट पडायचा हा निर्णय कधीच नुसता तांत्रिक नसतो. देशानं आदिवासी स्त्रीला आपलं प्रतीक केलं, तिच्यापुढे हात जोडले, पण तिची भूमिका दिली एका गोऱ्या तारकेला, आणि शेवटी तिला मारून टाकून मग तिच्यासाठी अश्रू ढाळले.

ह्याची जोडी लावायची ती 'रोमा'शी (२०१८). दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन, कॅमेराही त्याचाच. ज्यांनी 'रोमा' हळू चालतो म्हणून अर्धा सोडला त्यांनी तो 'मारिया कान्देलारिया'नंतर पाहावा. मग तो सुटत नाही. मुख्य भूमिकेत यालित्सा आपारिसिओ, वाहाका प्रांतातल्या त्लाशियाको गावची, त्याआधी कधीही पडद्यावर न आलेली. घरकाम करणारी क्लेओ आणि तिची मैत्रीण आपसात मिश्तेक भाषेत बोलतात. पहिलाच शॉट फरशीचा. साबणाचं पाणी येतं, पसरतं, त्या पाण्यात आभाळ दिसतं आणि त्यातून एक विमान जातं. फिगेरोआ कॅमेरा खाली ठेवून वर बघायचा. क्वारोन आभाळ दाखवतो ते मान खाली घालून फरशी धुणाऱ्या बाईच्या नजरेतून. लाइट सगळीकडे सारखा पसरलेला, तिच्यासाठी वेगळा असा एकही नाही, मालकिणीसाठीही नाही. आणि कान उघडे ठेवा. फेरीवाल्यांच्या आरोळ्या, शिट्ट्या, कुत्री, शेजारचा रेडिओ. आवाज चांगला करून बघा, साउंडबार असेल तर जोडा.

तिसरा रविवार: चाळ

ह्या रविवारी आमची खोली भरून जाते. 'नोसोत्रोस लोस पोब्रेस', म्हणजे 'आम्ही गरीब' (१९४८), दिग्दर्शक इस्माएल रोद्रिगेस. कॅमेरा फिगेरोआचा नाही, पण हा चुकवून पुढे जाता येणार नाही. पेद्रो इन्फान्ते ह्यात पेपे नावाचा सुतार आहे. 'वेसिंदाद'मध्ये राहतो, म्हणजे मधलं अंगण, भोवती एकेका खोलीचे संसार, सामायिक पाणी, सामायिक धुणी आणि सामायिक चर्चा. आमच्या मजल्यावरच्या काकू सिनेमाला कधी बसत नाहीत, त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हे आपल्या नळावरचंच की रे!" आणि आत येऊन बसल्या. शेवटपर्यंत बसल्या. लकवा झालेली आई, खोट्या आळात तुरुंगात गेलेला पेपे, त्याची पोर चाचिता, शिट्टीतून केलेलं प्रेम. रडू येतं, आणि येऊ द्यावं. इन्फान्ते १९५७ मध्ये विमान अपघातात गेला तेव्हा शहरातल्या साध्या माणसांनी घरातलं कुणी गेल्यासारखा शोक केला. गरीब पण सज्जन, गाणारा, मित्रांसाठी जीव टाकणारा ही ओळख लोकांनी आपली मानली, ती ह्याच्यामुळे.

काकूंना घरी पाठवा आणि मग 'लोस ओल्विदादोस' (१९५०) लावा. लहान मुलं खोलीत नकोत. दिग्दर्शक लुईस बुन्युएल, स्पेनमधून परागंदा झालेला. कॅमेरा फिगेरोआ. शहर तेच, गरिबी तीच, पण इथे गरीब असल्यानं कुणी सज्जन झालेला नाही. पोरं आंधळ्या म्हाताऱ्याला दगडांनी मारतात. तो म्हाताराही काही देवमाणूस नाही, पोर्फिरिओ दियासच्या काळाची आठवण काढून उसासे टाकणारा आहे. आई मुलाला जवळ घेत नाही. मोकळ्या मैदानात एका पोराचा खून होतो तेव्हा मागे पोलादी सांगाडा उभा असलेली अर्धवट इमारत दिसते. तो सांगाडा म्हणजे सरकार ज्याचा डांगोरा पिटत होतं ती प्रगती. आभाळ रिकामं, पांढरं, भकास. ढगांचा एवढा मोठा कारागीर, आणि चौकटीत जपून ठेवावा असा एक ढग नाही.

एक जागा अजिबात चुकवू नका. सुधारगृहाच्या शेतावर पेद्रो नावाचा पोरगा कोंबड्यांची अंडी चोखतोय. चिडून तो एक अंडं उचलतो आणि सरळ कॅमेऱ्यावर फेकतो. बलक काचेवरून ओघळतो. एवढी वर्षं गरिबांकडे सुंदर चौकटीतून पाहत बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर ते अंडं आहे, असं मी मानतो. तिथे थांबवून परत बघा.

मेक्सिकोत ह्या चित्रपटावर संताप उसळला. देशाची बदनामी केली म्हणून बोंब झाली आणि काही दिवसांतच तो थिएटरातून उतरला. पुढच्या वर्षी, १९५१ ला, कानमध्ये बुन्युएलला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. तिथे स्वतः लिहिलेला लेख वाटत ह्या चित्रपटाची बाजू लढवणारा माणूस होता कवी ओक्ताविओ पाझ. तोच पाझ त्या वर्षाच्या शेवटी बोटीनं मुंबई बंदरात उतरला, ताजमध्ये राहिला, घारापुरीची लेणी पाहून आला. पुढे १९६२ पासून तो भारतात मेक्सिकोचा राजदूत होता. ते पद त्यानं का सोडलं हे पुढच्या रविवारी येतं. बुन्युएलनं आठवणींत सांगितलेली एक गोष्टही इथेच सांगायला हवी. 'नासारिन'च्या वेळी फिगेरोआनं पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी आणि ढग घेऊन एक देखणी चौकट लावून ठेवली होती. बुन्युएलनं कॅमेरा उलट फिरवला आणि साधीसुधी जागा घेतली. फिगेरोआनं ते मान्य केलं आणि पुढेही त्याच्याबरोबर काम केलं. कॅमेरा फिरवू देणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फिरवणाऱ्याइतकाच आदर आहे.

पुढचे रविवार

'माकारिओ' (१९६०) नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवा, कारण गोष्ट मृतांच्या दिवसाभोवतीची आहे, म्हणजे गेलेल्या माणसांची आठवण काढायच्या तिथल्या सणाभोवतीची. दिग्दर्शक रोबेर्तो गावाल्दोन, कॅमेरा पुन्हा फिगेरोआ. भुकेला लाकूडतोड्या ठरवतो, एक अख्खी टर्की एकट्यानं खायला मिळेपर्यंत काही खायचं नाही. बायको टर्की चोरून आणते, आणि जंगलात त्याच्याकडे वाटा मागायला सैतान येतो, देव येतो, मग मृत्यू येतो. शेवटाकडे मृत्यू त्याला एका गुहेत नेतो. तिथे सगळीकडे मेणबत्त्या, प्रत्येक ज्योत म्हणजे एक जीव. हे चित्रण काकावामिल्पाच्या खऱ्या गुहांत झालं. जिथे नजर टाकाल तिथे उघडी ज्योत, आणि तरी दोन्ही चेहरे वाचता येतात. मागचा दगडही खोल दिसतो. हे कसं केलं असेल यावर मी सेटवरच्या मुलांना प्रत्येक वेळी विचार करायला लावतो. ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन मिळालेला हा पहिला मेक्सिकन चित्रपट.

त्यासोबत हेही माहीत असू द्या: मेक्सिको सिटीत मृतांच्या दिवशी सांगाड्यांची जी भव्य मिरवणूक निघते ती जुनी परंपरा नाही. २०१५ च्या जेम्स बाँडपटाच्या सुरुवातीला ती पटकथेच्या गरजेपोटी रचली आणि २०१६ पासून शहरानं ती खरोखर काढायला सुरुवात केली. बाहेरच्यानं काढलेलं चित्र देश अंगावर घेतो तेव्हा काय होतं, ह्याचं यापेक्षा ताजं उदाहरण मला ठाऊक नाही.

मग 'रोखो आमानेसेर' (१९८९). २ ऑक्टोबर १९६८ रोजी त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. त्याचाच निषेध म्हणून पाझनं दिल्लीतलं राजदूतपद सोडलं. दिग्दर्शक होर्खे फोन्सनं ही सगळी गोष्ट चौकासमोरच्या एका फ्लॅटमध्ये घडवली, सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत. चौक दिसत नाही, फक्त ऐकू येतो. दिवस चढतो, उतरतो, वीज जाते, मेणबत्ती लागते. खिडकीच्या उजेडावरून वेळ ओळखा. सेन्सॉरनं हा अडवून धरला होता आणि काटछाट करूनच सोडला.

कान्तिन्फ्लासचे विनोदी चित्रपट घाईनं बघू नका. त्याची सगळी जादू बोलण्याच्या भेंडोळ्यात आहे, ती सबटायटल्समध्ये अर्धीही उतरत नाही. त्याआधी तिन तान हा नट बघा, सीमेवरच्या शहरात वाढलेला, ढगळ सूटमधला, इंग्रजी मिसळून बोलणारा, नाचणारा. शुद्ध भाषेच्या कैवाऱ्यांना तो खुपायचा. 'एल रे देल बारियो' (१९५०) पुरेसा आहे. मुलं घरात असतील तर मुखवट्यातला कुस्तीगीर सांतो त्यांच्यासाठी.

आजच्या पिढीचा एकच घ्यायचा तर 'या नो एस्तोय आकी' (२०१९), नेटफ्लिक्सवर. मोन्तेरेइच्या डोंगरवस्तीतली पोरं कोलंबियाची कुंबिया गाणी संथ करून त्यावर नाचतात, केस विचित्र कापतात, आणि ह्यालाच आपलं म्हणतात. गोळीबारातून वाचायला म्होरक्याला न्यूयॉर्कला पळावं लागतं. तिथे त्याला भेटणारे मेक्सिकनही त्याला आपल्यातला मानत नाहीत. चारो नाही, सोचिमिल्को नाही, राष्ट्रगीताचा सूरही नाही. हातात फक्त एक छोटा प्लेअर, त्यात उसनी गाणी.

सगळे रविवार मोकळे नसतील तर तीनच घ्या: 'मारिया कान्देलारिया', 'लोस ओल्विदादोस', 'रोमा', ह्याच क्रमानं. आणि कधी कामावरून दमून आलात, विचार नको, नुसतं सुंदर काही हवं असं वाटलं, तर 'एनामोरादा' (१९४६) लावा. रात्री खिडकीखाली तिघे 'मालागेन्या' गातात आणि फिगेरोआ मारिया फेलिक्सच्या फक्त डोळ्यांवर थांबतो. तेवढ्या वेळात फोन वाजला तर उचलू नका.